बॅटरीपासून एक हात

श्रोतेहो, दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी लागली होती, आणि माझ्या भाच्याच्या मोटारीतून आम्ही बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास निघालो होतो. भाचा गाडी चालवीत होता, शेजारी मी, आणि मागील आसनावर भाचेसून व तिच्या दोन लहान मुली. चारच दिवसांपूर्वी त्या गाडीत नवा सबवूफर बसविला होता आणि भाच्याला त्याचे मोठे कौतुक होते. डिकीत ठेवलेल्या त्या पेटीतून ढोलाचा ठोका असा उमटे की आसनाची पाठ थरारून जाई. कणकुंबी मागे पडल्यावर माझे गुडघे अवघडले, म्हणून मी आसन थोडे मागे सरकविले. पाच-सात मिनिटे गेली असतील. मागून भाचेसून म्हणाली, "मामा, काही जळतंय का?"

प्रथम वाटले, घाटात ब्रेक तापले असतील. तोच माझ्या पायांखालच्या गालिच्यातून निळसर धूर वर आला. भाच्याने गाडी कडेला घेतली, चावी फिरवून इंजिन बंद केले, आणि आम्ही झोपलेल्या मुलींना उचलून बाहेर काढले. इंजिन बंद झाले, गाणे बंद झाले, तरी धूर काही थांबेना. इतक्यात मागून येणारा एक टेंपो थांबला. त्याच्या चालकाने उतरून क्षणभर वास घेतला आणि "आधी बॅटरी सोडवा" एवढेच बोलून आपल्या गाडीतून दहा नंबरचा पाना आणला. बोनेट उघडून त्याने बॅटरीच्या ऋण टोकावरची पकड सैल करून काढली. हळूहळू धूर विरला.

गालिचा उचलून पाहिले. सबवूफरकडे जाणारी लाल तार माझ्या आसनाच्या लोखंडी पट्टीखाली दबलेली होती. मी आसन सरकविले तेव्हा त्या पट्टीच्या धारेने तारेचे आवरण कापले गेले आणि आतले तांबे गाडीच्या पत्र्याला टेकले. तेथपासून पुढे इंजिनापर्यंत तारेचे आवरण वितळून गालिच्याला चिकटले होते. मग आम्ही डिकी उघडली. ॲम्प्लिफायर ठणठणीत होता, आणि त्याच्या शेजारी नीट बसविलेला साठ अँपिअरचा फ्यूज अगदी शाबूत होता!

वीस वर्षे मी दहावीच्या मुलांना शिकवीत आलो आहे की प्रवाह मर्यादेबाहेर वाढला की फ्यूजमधली तार वितळते आणि परिपथ तुटतो. मग येथे फ्यूज का वितळला नाही? त्या घाटात रस्त्याच्या कडेला उभे असताना मला हा प्रश्न पडला, आणि उत्तर सुचले तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. आज त्या उत्तराविषयीच मी आपणांशी बोलणार आहे. आपणांपैकी फार थोडे जण स्वतः हातात पाना घेऊन गाडीत सबवूफर बसवितील, हे मी जाणतो. परंतु आपल्या मुलाच्या, जावयाच्या, भाच्याच्या गाडीत तो बसविला जाईल, त्याचे पैसे कदाचित आपण द्याल, आणि त्या गाडीत आपण बसालही. म्हणून हे काम नीट झाले की नाही, हे ओळखण्यापुरती माहिती प्रत्येकास हवी.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यातला अगदी खालचा भाग, म्हणजे साधारण २० ते १०० कंपनांचा खर्ज, मोटारीच्या दारातल्या छोट्या स्पीकरांना नीट काढता येत नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीचा घुमारा, ढोलाचा दणका, चर्चमधील मोठ्या ऑर्गनच्या सोळा फुटी नळीतून सेकंदाला सुमारे ३३ कंपनांनी निघणारा स्वर, हे सारे या भागात येतात. आपला कान खालच्या स्वरांना मंद असतो. म्हणून ते ऐकू येण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि पुष्कळ हवा हलविण्यास मोठा पडदा व पुष्कळ शक्ती लागते. ही शक्ती देणारा तो ॲम्प्लिफायर, आणि ॲम्प्लिफायरला ती देणारी गाडीची बॅटरी. साऱ्या गोष्टीचे मूळ येथे आहे.

लोक म्हणतात, "मोटारीत बाराच व्होल्ट असतात, त्याला काय भ्यायचे?" या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोके कोरड्या हातांनी धरली तरी झटका बसत नाही. परंतु झटका बसणे आणि आग लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. झटक्याला दाब लागतो. तार तापते ती प्रवाहामुळे. आणि दाब जितका कमी तितका तेवढ्याच कामासाठी प्रवाह अधिक लागतो, कारण व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॉट.

उदाहरण घेऊ. सबवूफरचा ॲम्प्लिफायर ५०० वॉटचा आहे असे समजा. घेतलेली सर्वच शक्ती तो ध्वनीकडे पाठवीत नाही. आजकालच्या डी वर्गाच्या चांगल्या ॲम्प्लिफायरमध्येही सुमारे पाचवा हिस्सा उष्णतेच्या रूपाने वाया जातो. म्हणजे ५०० वॉट बाहेर देण्यासाठी त्याला सुमारे ६२५ वॉट आत घ्यावे लागतात. घरातल्या २३० व्होल्टवर एवढी शक्ती घेण्यास पावणेतीन अँपिअरही पुरतात. मोटारीचे इंजिन चालू असताना दाब १३.८ व्होल्टच्या आसपास असतो. तेथे याच शक्तीला सुमारे ४५ अँपिअर लागतात. मोटारीच्या पुढच्या ५५ वॉटच्या एका दिव्याला साडेचार अँपिअर लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ४५ अँपिअर म्हणजे काय ते कळेल. दहा दिवे एकाच तारेवर लावण्यासारखे ते आहे. संगीत सतत कमाल जोराने वाजत नाही, त्यामुळे सरासरी प्रवाह पुष्कळ कमी असतो, हे खरे. तरीही तार निवडताना कमाल प्रवाहाचाच विचार केला पाहिजे.

आता तारेकडे वळू. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओम हा पेशाने माझ्यासारखाच शाळामास्तर होता. १८१७ पासून कलोन येथील शाळेत तो गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. दाब, प्रवाह आणि रोध यांचे नाते त्याने १८२७ साली पुस्तकरूपाने मांडले. पुढे इंग्लंडात जूल याने १८४१ साली दाखवून दिले की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, आणि दहापट झाला तर शंभरपट होते. या दोघांचे नियम मुले परीक्षेपुरते पाठ करतात आणि विसरतात. मोटारीतली तार मात्र ते कधी विसरत नाही.

बॅटरी पुढे बोनेटखाली आणि ॲम्प्लिफायर मागे डिकीत, तेव्हा तारेची लांबी सुमारे पाच मीटर धरू. एखाद्याने घरातल्या दिव्यांना वापरतात तसली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली, आणि तिच्यातून ४५ अँपिअर गेले, तर त्या तारेतच सुमारे अडीच व्होल्ट खर्ची पडतील आणि जवळजवळ ११५ वॉट उष्णता निर्माण होईल. शंभर वॉटचा जुना पिवळा दिवा हाताला कसा चटका देई, हे माझ्या वयाच्या श्रोत्यांना आठवत असेल. तसल्या दिव्याची सारी उष्णता गालिच्याखाली कोंडून ठेवावी, त्यातलाच हा प्रकार. आठ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर दाबातली घट अर्ध्या व्होल्टवर आणि उष्णता सुमारे २२ वॉटवर येते. एकवीस चौरस मिलिमीटरची घेतली तर घट जेमतेम पाव व्होल्टाच्याही आत राहते, आणि आठ वॉट उष्णता पाच मीटरभर पसरून नाहीशी होते. म्हणून आपल्या उदाहरणातल्या ॲम्प्लिफायरला हीच तार योग्य.

दुकानात ही मापे गेजमध्ये सांगतात, आणि तेथे आकडा उलटा चालतो: आकडा लहान तर तार जाड. आठ गेज म्हणजे साधारण आठ चौरस मिलिमीटर, आणि चार गेज म्हणजे साधारण एकवीस. येथे एक फसवणूक ओळखून असावी. स्वस्त संचात बाहेरचे प्लास्टिक जाड असते आणि आतली धातू बोटभर पोकळीत सुतासारखी असते. शिवाय कित्येक तारा वरून तांब्याच्या आणि आतून ॲल्युमिनियमच्या असतात. अशा तारेचा रोध त्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या तारेच्या सुमारे दीडपट असतो. चाकूने एक तंतू खरवडून पाहावा. आत पांढरा रंग दिसला तर ते तांबे नव्हे. अशीच तार वापरायची असेल तर एक माप अधिक जाड घ्यावी.

एवढी पूर्वतयारी झाली. आता घाटातल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल.

फ्यूज कोणाचे रक्षण करतो? वर्गात हा प्रश्न विचारला तर दहांतली नऊ मुले सांगतात, "यंत्राचे." भाच्याच्या गाडीतल्या कारागिराचीही तीच समजूत असावी, म्हणून त्याने तो यंत्राशेजारी बसविला. वस्तुतः वाटेतला हा मोठा फ्यूज रक्षण करतो ते तारेचे. ॲम्प्लिफायरच्या रक्षणासाठी बहुधा त्याच्या अंगावर स्वतःचे निराळे फ्यूज असतातच. तारेला धोका येतो तो बॅटरीकडून. मोटारीची बॅटरी ही इंजिनला पहिला हिसका देण्यासाठी घडविलेली असते, आणि तिची दोन टोके थेट एकमेकांस जोडली गेली तर ती शेकडो अँपिअरचा प्रवाह सोडते. त्यातच मोटारीचा सारा लोखंडी सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. म्हणून धन टोकाकडून आलेली तार गाडीच्या पत्र्याला कोठेही उघडी टेकली, की दोन्ही टोके जोडल्यासारखेच होते.

आता आमच्या गाडीतला प्रवाहाचा मार्ग बोटाने दाखविल्यासारखा पाहा. बॅटरीचे धन टोक, तेथून लाल तार, आसनाखालची कापलेली जागा, तेथून पत्रा, आणि पत्र्यातून परत बॅटरीचे ऋण टोक. या मार्गात डिकी येते का? येत नाही. फ्यूज त्या फेऱ्याच्या बाहेर, पुढे कोठेतरी होता. शेकडो अँपिअर धावत होते, आणि फ्यूजमधून त्यातला एकही जात नव्हता. मग तो वितळणार कसा? चावी फिरवून इंजिन बंद केले तरी धूर का थांबला नाही, याचेही कारण हेच. ही तार चावीमधून जात नाही. ती थेट बॅटरीवरून येते.

म्हणून नियम असा की फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. या कामातले जाणकार अठरा इंचांची मर्यादा सांगतात. आपल्या आजोबांच्या मापात अठरा इंच म्हणजे बरोबर एक हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात ठेवून हे मोजता येते, टेपही लागत नाही. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तारेला कोणीच राखणदार नसतो. तो तुकडा जितका आखूड तितका बरा, आणि त्यावर नळीचे आवरण असावे.

फ्यूज किती अँपिअरचा घ्यावा, हेही याच तत्त्वाने ठरते. तारेला जेवढे सोसते त्याहून तो मोठा कधीही नसावा. आठ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला ५० अँपिअरपर्यंतचा आणि एकवीसच्या तारेला १०० पर्यंतचा फ्यूज ही सावध मर्यादा होय. ॲम्प्लिफायरच्या अंगावर ३०-३० अँपिअरचे दोन फ्यूज असतील तर मुख्य फ्यूज ६० चा घ्यावा आणि तार त्याला पुरेल अशी निवडावी. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालणे, किंवा त्याच्या जागी तारेचा तुकडा वा चांदीचा कागद गुंडाळणे, म्हणजे भुंकतो म्हणून राखणीच्या कुत्र्याचे तोंड बांधण्यासारखे आहे. एका जाड तारेतून दोन ॲम्प्लिफायरांसाठी दोन बारीक फाटे काढले, तर प्रत्येक फाट्याच्या आरंभी त्या बारीक तारेला साजेसा निराळा फ्यूज हवा. गाडीत मागे दुसरी बॅटरी बसविली, तर दोन बॅटऱ्यांमधल्या तारेला दोन्ही टोकांशी फ्यूज हवा, कारण आता धोका दोन्ही बाजूंनी येऊ शकतो. एक तत्त्व कळले की असले प्रश्न आपोआप सुटतात.

प्रत्यक्ष कामाचा क्रम आता थोडक्यात सांगतो. सर्वांत आधी गाडी बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. त्या टेंपोचालकाने तेच केले होते. धन टोक आधी सोडवू लागलो आणि पाना चुकून पत्र्याला लागला, तर पान्यातूनच ठिणग्या उडतील. ऋण टोक आधी सोडविले असेल तर फेराच पुरा होत नाही. काम संपल्यावर उलट क्रमाने ऋण टोक शेवटी जोडावे.

मग तार ओवायची. इंजिन आणि बसण्याची जागा यांमध्ये जो पत्रा असतो, त्यातल्या भोकाची कड सुरीसारखी धारदार असते. इंजिनाच्या थरथरीने ती महिन्या दोन महिन्यांत आवरण कापते. म्हणून त्या भोकात रबरी ग्रोमेट बसवूनच तार आत घ्यावी. आत आल्यावर ती दाराच्या उंबरठ्याच्या प्लास्टिकखालून न्यावी, आणि आसनाची सरकपट्टी, स्क्रूची टोके, ब्रेक वा क्लचची पावले यांपासून दूर ठेवून जागोजाग बांधावी. सोप्या वाटेने तार आसनाखालून ओढण्याचा मोह किती महाग पडतो, ते मी सांगितलेच.

काळी तार, म्हणजे अर्थिंगची, ही लाल तारेइतकीच जाड हवी. जेवढा प्रवाह जातो तेवढाच परत येतो, ही साधी गोष्ट पुष्कळजण विसरतात आणि येथे बारीक तार लावतात. ती आखूड असावी, शक्यतो हातभरच. डिकीतल्या मजबूत पत्र्यावरचा रंग घासून चकचकीत धातू उघडी करावी, तारेच्या टोकाला दाबून बसविलेली थिंबल तेथे दातेरी वॉशर घालून नटबोल्टाने घट्ट आवळावी, आणि मग वरून रंग लावावा, म्हणजे गंज चढणार नाही. सीटबेल्टच्या बोल्टाला हात लावू नये. तो आपला जीव धरून असतो. आणि भोक पाडण्यापूर्वी पत्र्याखाली पेट्रोलची टाकी वा नळी नाही ना, हे खाली वाकून पाहावे.

तिसरी एक बारीक तार असते. गाडीतला रेडिओ चालू झाला की ती ॲम्प्लिफायरला जागे करते आणि बंद झाला की झोपविते. बहुतेक रेडिओंमागे या कामासाठी निळ्या-पांढऱ्या रंगाची तार दिलेली असते. ही तार कोणी थेट बॅटरीला जोडली तर ॲम्प्लिफायर रात्रंदिवस जागाच राहतो, आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. चौथी तार संगीताचा संदेश नेणारी. ती विजेच्या लाल तारेच्या विरुद्ध बाजूने न्यावी. दोन्ही शेजारी नेल्या, किंवा अर्थिंग कच्चे राहिले, तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी एक बारीक शीळ स्पीकरमधून ऐकू येते. ती अल्टरनेटरची शीळ होय.

ॲम्प्लिफायरपासून सबवूफरकडे जाणाऱ्या तारांना धन आणि ऋण अशी दोन टोके असतात. जोडण्यापूर्वी रोधाचे गणित करावे. चार ओमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर एकूण रोध दोन ओम होतो, आणि एकापुढे एक जोडले तर आठ. ॲम्प्लिफायरवर किमान जेवढे ओम लिहिलेले असतील त्याहून खाली गेल्यास तो तापतो आणि बंद पडतो किंवा जळतो. हे सर्व जोडून झाले, जोड घट्ट आहेत हे तपासले, ऋण टोक बॅटरीला जोडले, की अगदी शेवटी मुख्य फ्यूज त्याच्या घरात बसवावा.

गाडीच्या अल्टरनेटरचीही मर्यादा असते. आपल्या ४५ अँपिअरांखेरीज दिवे, पंखा, वातानुकूलन, काच पुसणारी पाती हे सारे त्याच्याच जिवावर चालते. ठोक्यागणिक पुढचे दिवे मंद होऊ लागले तर विजेची ओढाताण चालली आहे असे समजावे, आणि आधी तार, अर्थिंग व बॅटरी तपासून घ्यावी. इंजिन बंद ठेवून तासन् तास संगीत वाजविले तर बॅटरी उतरणारच.

आजच्या नव्या गाड्यांविषयी तीन सूचना. पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या जोडांच्या तारा एअरबॅगच्या असतात. त्यांना स्पर्श करू नये. विजेवर चालणाऱ्या वा हायब्रिड गाडीतल्या नारिंगी रंगाच्या जाड तारांत शेकडो व्होल्ट असू शकतात. तेथे बारा व्होल्टचे गणित लागू नाही, आणि ते काम शिकलेल्या माणसाचेच. शिवाय पुष्कळ गाड्यांत ऋण टोकावर प्रवाह मोजणारे एक छोटे उपकरण असते. अशा गाडीत अर्थिंग थेट त्या टोकाला न जोडता सांगाड्याला जोडावे, नाही तर हा नवा प्रवाह मोजणीत धरला जात नाही.

आता कारागिरास विचारावयाचे प्रश्न सांगतो, ते टिपून घ्यावेत. फ्यूज बॅटरीपासून एका हाताच्या आत आहे का? तार किती चौरस मिलिमीटरची आणि शुद्ध तांब्याची आहे का? पत्र्यातल्या भोकात रबर बसविले का? तार आसनाखालून तर नेली नाही ना? अर्थिंग रंग घासून आणि तेवढ्याच जाडीच्या तारेने केले का? चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट बोनेट उघडून अभिमानाने दाखवितो. जो टाळाटाळ करील, त्याच्याकडून गाडी परत घ्यावी.

आणि तरीही कधी जळका वास आलाच, तर गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि प्रथम माणसे बाहेर काढावीत. ज्वाळा दिसत असतील किंवा बोनेटमधून धूर येत असेल तर बोनेट उघडू नये. उघडताच आत हवा शिरते व आग भडकते. दूर उभे राहून ११२ क्रमांकावर कळवावे. सामान आत राहिले तर राहू द्यावे.

भाच्याने त्या गाडीतली सारी तार बदलून घेतली. दुकानदाराने प्रथम, "इतकी वर्षे आम्ही असेच बसवितो," असे उत्तर दिले. मग मी त्याच्या फळीवरच खडूने बॅटरी, तार आणि पत्रा काढून प्रवाहाचा फेरा दाखविला. तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि त्याने त्या आठवड्यात आधी केलेल्या दोन गाड्यांच्या मालकांना फोन करून परत बोलाविले. त्या माणसाविषयी माझ्या मनात राग उरला नाही. फ्यूजचा धडा वर्गात वीस वर्षे शिकवूनही, गाडीत बसण्यापूर्वी बोनेट उघडून पाहण्याचे मलाही सुचले नव्हते.

त्या जळक्या तारेचा हातभर तुकडा मी शाळेत नेला आहे. फ्यूजचा पाठ आला की तो मेजावर ठेवतो आणि घाटातली हकीकत सांगून विचारतो, "फ्यूज का उडाला नाही?" दरवर्षी वर्ग थोडा वेळ शांत असतो. मग कोणीतरी मुलगी फळ्याशी येते, खडूने फेरा काढू लागते, आणि डिकीपर्यंत न पोहोचताच तिचा हात मध्येच थांबतो.